एबीएसचा दिवा, अडुसष्ट हजारांचं कोटेशन आणि उद्यमनगरातले ईसीएमवाले

गाडीचं एबीएस मॉड्यूल (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि मॉड्यूल म्हणजे ती चालवणारा डबा) बदललं नाही, रिपेअर करून घेतलं. कुठं, कसं आणि किती पैशात ते सविस्तर लिहितोय, कारण मीटरवरचा एबीएसचा दिवा लागला की माणूस आधी नेटवर शोधतो आणि तिथं दोनच टोकं सापडतात, एक म्हणतो गाडी जागेवरनं हलवू नका, दुसरा म्हणतो काय होत नाही, चालवा बिनधास्त. दोन्हीही अर्धवट.

गाडी २०१५ ची डिझेल सेडान. कंपनी सांगत नाही, कारण हे दुखणं कुठल्या एका कंपनीचं नाही, आणि मॉड्यूल तसंही गाडीवाले बनवत नाहीत, ते बाहेरनं येतं. आमच्या मॉडेलला त्यावेळी एबीएस म्हणजे वरच्या व्हेरियंटचं कौतुक होतं, जास्तीचे पैसे मोजून घेतलेलं. आपल्याकडं नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या कार्सना एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं झालं, म्हणजे त्या गाड्यांची मॉड्यूलं आता वॉरंटीबाहेर पडायला लागलीत, तेव्हा हा विषय पुढं बऱ्याच जणांच्या दारात येणार आहे.

लक्षणं अशी होती. सकाळी गाडी काढली की सगळं नॉर्मल. इंजिन चांगलं तापलं, ट्रॅफिकमध्ये अडकलं की पिवळा एबीएस दिवा. बंद करून परत चालू केली की गायब. बरेच दिवस असंच चाललं, मग पावसाळ्यात रत्नागिरीला सासुरवाडीला जाताना आंबा घाटात पिवळ्यासोबत हँडब्रेकचा लाल दिवा पण लागला आणि स्पीडोमीटरचा काटा धाडकन शून्यावर. गाडी चालतीय, काटा झोपलाय. बायको म्हणाली, "थांबलोय का आपण?"

हे तिन्ही एकदम का होतं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो. बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटरला वेग कळतो तो एबीएस मॉड्यूलकडनंच, चाकांच्या सेन्सरचं रीडिंग मॉड्यूल पुढं मीटरला पाठवतं. मॉड्यूल बोलायचं थांबलं की मीटर आंधळा. आणि नुसता पिवळा दिवा म्हणजे एबीएस नाही पण साधे ब्रेक आहेत, हे बरोबर, पण पिवळ्यासोबत लाल लागला आणि हँडब्रेक ओढलेला नाही, ब्रेक ऑइलची पातळीही ठीक आहे, तर बहुतेक वेळा ईबीडी पण गेलेलं असतं. ईबीडी म्हणजे मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवणारी भानगड. ती नसेल तर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीची शेपटी फिरू शकते. ओल्या घाटात हे नको. तेव्हा 'काय होत नाही' वाल्यांनी दोन दिव्यातला फरक समजून घ्यावा. आम्ही त्या दिवशी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर हळूहळू उतरलो, मागचे हॉर्न मारत होते, मारू दे.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटर. कुठलं ते सोडा. तिथं ॲडव्हायझरनं स्कॅनर लावला, बिघाडाचे दोन कोड आले, एक पंप मोटरच्या सर्किटचा आणि दुसरा मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा, आणि चहा संपायच्या आत निकाल लागला : मॉड्यूल गेलं. अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, अडुसष्ट हजार, वर लेबर, वर ब्रेक ऑइल, आणि लेबरवर १८ टक्के जीएसटी. नुसतं इलेक्ट्रॉनिक्स मिळत नाही का तर नाही. ऑर्डरला पैसे आधी भरायचे आणि इलेक्ट्रिकल पार्ट असल्यामुळं परत घेत नाहीत. मी विचारलं, एवढं करून दिवा नाही गेला तर? "जाईल सर. जातोच." बॅटरी कुणी बघितली नाही, चाकाकडं कुणी वाकून बघितलं नाही, बॉनेट उघडलं ते पण वायपरचं पाणी भरायला. दहा वर्षं जुन्या गाडीची आज जी किंमत येईल त्यातला मोठा लचका एका कोडवर द्यायचा, हे काय मनाला पटेना.

मधल्या काळात सल्ले भरपूर मिळाले. एका मेकॅनिकनं सांगितलं मीटर खोलून दिव्याचा बल्बच काढून टाकू, पाचशे रुपयात काम. (हसू नका, अशा गाड्या रस्त्यावर आहेत, सेकंडहँड गाडी घेताना चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा क्षणभर लागून जातोय का ते मुद्दाम बघत जा. लागलाच नाही तर काहीतरी केलंय.) मित्र म्हणाला भंगारातनं जुनं मॉड्यूल आणू, पुण्यामुंबईत पंधरा हजाराच्या आत मिळतंय. ते मी जवळजवळ फायनल केलं होतं, पण त्याच्याबद्दल पुढं लिहितो.

शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियननं पत्ता दिला. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर. बाहेरच्यांसाठी सांगतो, उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्रीची कामं, पॅटर्नवाले, स्प्रिंगवाले, गिअर कापणारे, सगळं गल्लोगल्ली, इथं सुटा पार्ट मिळत नाही असं कुणी म्हणालं तर उद्यमनगरवाला म्हणतो मग बनवूया की. त्यातलंच एक शटर. बोर्डावर 'ईसीएम, मीटर, एबीएस रिपेअरिंग' एवढंच रंगवलंय (ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल), दुकानाचं नाव असं नाहीच. तिथल्या कुठल्याही बॅटरीवाल्याला "ते ईसीएमवाले" विचारा, बोट करतील. पुढं एक गाडी जेमतेम उभी राहील एवढी जागा, आत टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअर गन, पॉवर सप्लाय आणि कपाटात उघडलेल्या मॉड्यूलांचे ढीग, प्रत्येकाला गाडीच्या नंबरची चिकटपट्टी.

मालक पन्नाशीचे. आधी टीव्ही रिपेअर करायचे, मग गाड्यांचे मीटर, आणि २०१९ च्या महापुरानं त्यांना या लाइनला पक्कं लावलं असं ते स्वतःच सांगतात. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद होता ते आठवत असेल, शहरात पार्किंगमध्ये उभ्या गाड्याच्या गाड्या पाण्यात गेल्या. पुढं २०२१ ला परत तेच. इन्शुरन्सनं ज्यांना टोटल लॉस दिला ते सुटले, बाकीच्यांच्या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स यांच्या टेबलावर आली.

मी गेल्या गेल्या सर्व्हिस सेंटरचा प्रिंट पुढं केला. त्यांनी बघितला, घडी घालून मला परत दिला.

"कुठनं आलायसा?"

"इथलाच, राजारामपुरी."

"मग घाई काय न्हाई. मॉड्यूल गेलंय का न्हाई ते आदी बघूया. ह्यात लिवलंय ते मशीनला वाटलंय. मशीनला काय, वायर तुटली तरी तसंच वाटतंय."

या एका वाक्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय म्हटलं तरी चालेल. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. पंप मोटर सर्किटचा कोड पंप जळाला तरी येतो, फ्यूज उडाला तरी येतो, अर्थची (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत जाणारी) वायर ढिली असली तरी येतो, बॅटरी मेली असली तरी येऊ शकतो, आणि मॉड्यूल खरंच गेलं तरी येतो. यातली पहिली चार कारणं काढून टाकायला या माणसाला तासाभराच्या वर लागला नाही, आणि त्यातलं एकही सर्व्हिस सेंटरात तपासलं गेलं नव्हतं.

सुरुवात बॅटरीपासनं. नुसतं मीटर लावून १२.६ आलं म्हणून खूश झाले नाहीत, लोड टेस्टर लावला. एबीएसचा पंप चालू होताना भरपूर करंट ओढतो, त्याचा फ्यूज उगाच ३०-४० अँपिअरचा नसतो, बॅटरी वरवर ठीक आणि लोडवर लंगडी असली की मॉड्यूलला व्होल्टेज कमी पडतं आणि ते रुसून दिवा लावतं. माझी बॅटरी पास. मग फ्यूज काढून त्याचे पाय बघितले, काळे पडलेत का. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासनं मॉड्यूलच्या अर्थ पिनपर्यंत लोड देऊन व्होल्टेज किती पडतंय ते मोजलं, काही नाही, ०.१ च्या आत. मग गाडी जॅकवर घेऊन स्कॅनरवर चारी चाकांचं लाइव्ह रीडिंग, पोरगा एकेक चाक हातानं फिरवतोय आणि हे स्क्रीनवर बघतायत. सेन्सर ओहमवर का मोजत नाही विचारलं तर म्हणाले जुन्या दोन वायरच्या कॉइलवाल्या सेन्सरला चालतं, नव्या ॲक्टिव्ह सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यात मीटर घुसवून काही कळत नाही, उलट बिघडायची भीती.

इथं एक साइड स्टोरी. माझ्या आधी एक पिकअप उभा होता, त्याला पण मॉड्यूल सांगितलेलं. निघालं काय, तर कुणीतरी पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलताना उलटं बसवलेलं. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच मॅग्नेटची रिंग असते, ती सेन्सरच्या बाजूला यायला पाहिजे. उलटी बसली की सेन्सरला काहीच दिसत नाही आणि दिवा. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच, फरक डोळ्यांना कळत नाही, मॅग्नेट दाखवायचं कार्ड धरलं की कळतं. त्या ड्रायव्हरकडनं यांनी फक्त तपासणीचे आठशे घेतले आणि बेअरिंगवाल्याकडं परत पाठवला. मॉड्यूल खोलून काहीतरी केलंय असं सांगून दहा हजार लावले असते तरी त्या बिचाऱ्याला काय कळणार होतं.

माझ्याकडं मात्र खरंच मॉड्यूल निघालं. पंपाला बाहेरनं डायरेक्ट बारा व्होल्ट दिले तर घर्रर्र करून मस्त फिरला, म्हणजे मोटर ठणठणीत. आणि इंजिन तापवून ठेवलेलं असताना त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मॉड्यूलच्या कव्हरवर हलकं टकटक केलं, तर तिसऱ्या-चौथ्या टकटकीला स्क्रीनवरनं मॉड्यूल गायब, मीटरवर तिन्ही खेळ चालू. परत टकटक, परत हजर. "हं. आता खोलायचं."

आता जरा टेक्निकल, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण पैसे वाचवायचं गुपित यातच आहे.

एबीएसचा डबा दिसायला एक असला तरी तो दोन-तीन भागांचा असतो. मधे ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यात ब्रेकच्या पाइपा येतात, आत व्हॉल्व्ह. एका बाजूला पंपाची मोटर. दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या खोक्यात इलेक्ट्रॉनिक्स. माझ्यासारख्या साध्या, ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत प्रत्येक चाकाला दोन असे आठ व्हॉल्व्ह, एक ब्रेकचं प्रेशर चाकाकडं जायचं थांबवतो, दुसरा चाकाकडचं प्रेशर सोडतो, आणि सोडलेलं ऑइल पंप परत वर ढकलतो, म्हणून तर एबीएस लागला की पेडल पायाखाली थरथरतं. गंमत अशी की व्हॉल्व्हच्या कॉइली ठोकळ्यात नसतात, त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या खोक्यात असतात, व्हॉल्व्हचे नळकांडीसारखे दांडे ठोकळ्यातनं बाहेर येऊन त्या कॉइलीत घुसतात. म्हणजे स्टार बिटचे स्क्रू काढले की इलेक्ट्रॉनिक्सचा डबा सरळ ओढून वेगळा होतो आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब सांडत नाही! पाइपा उघडायच्या नाहीत, एअर काढायची नाही. हे प्रत्येक गाडीत जमत नाही, काहींत स्क्रूपर्यंत हातच पोचत नाही, मग अख्खा डबा उतरवावा लागतो आणि नंतर स्कॅनरनं व्हॉल्व्ह आणि पंप चालवून आतली एअर काढावी लागते, नुसतं पेडल मारून ती सगळी निघत नाही. माझ्यात एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीचा ट्रे बाजूला केल्यावर जागा झाली. ठोकळ्याच्या उघड्या बाजूवर त्यांनी लगेच प्लॅस्टिक गुंडाळून टेप मारला, धूळ-पाणी जायला नको म्हणून, आणि गाडीची चावी माझ्याकडनं काढून घेतली, म्हणाले मॉड्यूल टेबलावर असताना गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मला तेव्हा जरा राग आला होता पण बरोबर आहे.

प्लॅस्टिकचं झाकण चिकटवलेलं असतं, स्क्रू नसतात. छोट्या कटरनं कडेकडेनं कापलं, खोली मोजून, कारण मिलिमीटरभर जास्त गेलं की खालचा बोर्ड कापला जातो. आत सगळ्यावर पारदर्शक सिलिकॉनची जेली. ती लाकडी काडीनं हळूहळू बाजूला सारली, लोखंडी काही वापरलं नाही. मग मला बोलावून मायक्रोस्कोपखाली दाखवलं. सप्लाय आणि अर्थच्या जाड पिना बोर्डातनं वर येतात, त्यांच्याभोवती सोल्डरचा गोल. एका पिनेभोवतीच्या गोलाला, बांगडीला तडा जावा तशी, बारीक काळी रेघ गेलेली जवळजवळ पूर्ण फेरी मारून. त्यांनी काडीनं पिन दाबली की रेघ मिटायची, सोडली की उघडायची. दहा वर्षं इंजिनची उष्णता, रस्त्याचे धक्के आणि त्या पिनेतनं जाणारा पंपाचा करंट. गरम झालं की पसरायचं, संपर्क तुटायचा, गार झालं की परत जुळायचं. सकाळी सगळं नॉर्मल का असायचं ते कळलं. शेजारच्या पंपाच्या पिनेला पण सुरुवात झालेली.

ही अडुसष्ट हजारांची चीर.

जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढलं, पिन घासून साफ केली, नवीन भरलं, संशय आलेल्या बाकीच्या पिना पण केल्या. वर परत जेली, झाकण सीलंटनं बसवून वाळायला ठेवलं, आणि मग टेबलावरच पॉवर देऊन, हॉट एअरनं तापवून परत तपासलं. तापवून तपासणं महत्त्वाचं, कारण गार असताना ते आधीही चालतच होतं. त्यांनी हेही सांगितलं की माझं नशीब चांगलं, काही मॉड्यूलांत सोल्डरच्या पिनांऐवजी सिरॅमिक बोर्ड आणि ॲल्युमिनियमच्या अतिशय बारीक तारा असतात, त्या साध्या सोल्डरिंगला दाद देत नाहीत, त्याला वेगळं मशीन लागतं, तसलं काम ते घेत नाहीत, सरळ बाहेर पाठवायला सांगतात.

आता भंगारातल्या मॉड्यूलचं. ते मी का नाही घेतलं तर यांनी कपाटातनं एक काढून दाखवलं, कुणीतरी मोठ्या हौसेनं आणलेलं. बाहेरनं चकाचक, कनेक्टरच्या पिनांच्या मुळाशी हिरवट पांढरं. पुराच्या गाडीतलं. आपल्याकडच्या पुरातल्या गाड्या स्क्रॅपमध्ये गेल्या, त्यांचे पार्ट कुठं गेले असतील याचा विचार करा. शिवाय पार्ट नंबर एक अक्षर इकडंतिकडं असला तरी घोळ, बऱ्याच गाड्यांत जुनं मॉड्यूल टाकलं तरी कोडिंग करावं लागतं, व्हेरियंट, टायर साइज वगैरे जुळवायला, नाहीतर दिवा तसाच. आपलंच मॉड्यूल रिपेअर करून परत बसवलं की ही कटकट नाही, त्यातला डेटा तोच राहतो.

पैसे : तपासणीचे आठशे, रिपेअरचे साडेआठ हजार, काढ-घाल पंधराशे. काम दिलं तर तपासणीचे आठशे वजा. म्हणजे सगळं मिळून दहा हजार. सहा महिन्यांची गॅरंटी, ती पण बिलावर हातानं लिहून सही मारून. पार्ट विकत घेतला असता तर गॅरंटी जास्त मिळाली असती हे खरं, पण फरकही तेवढाच आहे.

गाडी परत दिली ती पण नुसती चावी देऊन नाही. आधी कोड उडवले, मग मला शेजारी बसवून एक चक्कर. गाडी थोडी वेगात आली की मॉड्यूल स्वतःची चाचणी घेतं, बारीक टक् असा आवाज येतो, दिवा विझलेलाच राहिला. मग एका मोकळ्या कच्च्या रस्त्यावर चाळीसला मला म्हणाले "दाबा जोरात, भिऊ नका." दाबला. पेडलमधनं घर्रर्र, पाय थरथरला, स्टेअरिंग वळवलं तर गाडी वळली. एवढंच एबीएसचं काम, लॉक झालेलं चाक वळत नाही, फिरतं चाक वळतं. लोकांना वाटतं एबीएस म्हणजे गाडी लवकर थांबते, खडीवर तर उलट जरा लांबच थांबते. पण आमच्या भागात नोव्हेंबर ते मार्च रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, त्या अचानक समोर आल्यावर ब्रेक दाबून बाजूला वळता येणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. घाटापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी होती.

त्यानंतर अख्खा उन्हाळा गेला, आंबा घाट झाला, तिथल्या चौपदरीकरणाच्या कामातले सगळे खड्डे आणि धूळ झाली, दिवा आलेला नाही. काटा पण जागेवर.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर जाहिरात वाटेल. फोन उचलत नाहीत. म्हणजे खरंच उचलत नाहीत, मायक्रोस्कोपवर असले की फोन ड्रॉवरमध्ये. सांगितलेली वेळ कधीच पाळली नाही, 'उद्या संध्याकाळी' म्हणजे परवा, आणि परवा पण सीलंट वाळलं नाही म्हणून तेरवा. दर वेळी कारण पटण्यासारखं असतं हा भाग वेगळा, पण ज्याची गाडी रोजच्या धंद्याची आहे त्यानं हिशोब धरूनच जावं. बसायला जागा नाही, एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे तिच्यावर बहुतेक वेळा कुणाचं तरी मॉड्यूल बसलेलं असतं. पक्कं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं की देतात, पण मागावं का लागावं. पार्किंग नाही, गल्लीत ट्रक आला की सगळ्यांनी गाड्या काढायच्या. आणि बोलणं तुटक. मी दोन-तीनदा तेच तेच विचारलं तर म्हणाले, "तुम्ही घरला जावा की ओ." त्यात राग नव्हता, पण सवय नसेल तर लागेल.

जाणार असाल तर काही गोष्टी. सकाळी लवकर जा, एका वेळी एकच गाडी आत जाते. जायच्या आधी हौसेनं इंजिन वॉश मारू नका, प्रेशरच्या पाण्यानं कनेक्टरमध्ये पाणी शिरलं तर निदान अजून अवघड. दिवा कधी लागतो, गार असताना की तापल्यावर, पावसात की खड्ड्यात, हे आठवून सांगा, मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ असला तर उत्तम, त्यांचा निम्मा वेळ वाचतो. वायरी उंदरानं कुरतडल्यात का ते बॉनेट उघडून स्वतःच एकदा बघून घ्या, हे फुकट आहे. आणि ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नसेल तर याच निमित्तानं बदलून टाका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, डॉट-४ या ग्रेडच्या ब्रेक ऑइलचं उकळायचं तापमान नवीन असताना किमान २३० अंश असतं आणि पाणी मुरलं की १५५ पर्यंत येतं, वर आतल्या व्हॉल्व्हना गंज चढतो तो वेगळाच. फक्त सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उठतो.

आणि कुणी तिथं जाऊ नये तेही सांगतो. ज्यांच्या ठोकळ्यातनंच ऑइल पाझरतंय, किंवा पेडल हळूहळू खाली बसतंय, किंवा व्हॉल्व्ह आतनं अडकलेत, त्यांना ते हातच लावत नाहीत. माझ्यासमोर एकानं खूप गळ घातली, सील बदलून द्या, पैसे वाढवून देतो. ते म्हणाले, "इलेक्ट्रॉनिक्स मी करतो, बंद पडलं तर दिवा लागतोय, साधा ब्रेक तरी ऱ्हातोय. हे बंद पडलं तर ब्रेकच जातोय. नवीन घाला." तो माणूस कुरकुरत गेला.